दप्तराबाहेरची वर्तुळे

यकृताच्या कर्करोगाचा देहात प्रसार कसा होतो, आणि शास्त्रज्ञांनीही अलीकडेपर्यंत ज्यांची दखल घेतली नव्हती त्या ‘वर्तुळाकार आरएनए’ नामक रेणूंचा त्या प्रसारात हात कितपत आहे, हा विषय शिरूर तालुक्यातील पाबळ येथे बसून मराठीत मांडावयाचा म्हटल्यावर, हा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न कोणी केला तर त्यात त्याचा दोष नाही. इतिहासप्रेमी वाचकास पाबळ ठाऊक असते ते मस्तानीच्या कबरीमुळे, आणि शिक्षणाचा विचार करणाऱ्यास ते ठाऊक असते डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या विज्ञान आश्रमामुळे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मानाची नोकरी सोडून कलबाग १९८३ साली या अवर्षणप्रवण गावी येऊन राहिले, आणि शाळेने ज्यांना नापासांत जमा केले होते अशा मुलांना लोखंड जोडणे, वीजजोडणी करणे, माती तपासणे, रक्तगट व हिमोग्लोबिन पाहणे या कामांतूनच विज्ञान शिकविता येते, हे त्यांनी वादविवादाच्या भरीस न पडता प्रत्यक्ष करून दाखविले. पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने निघालेल्या ‘फॅब लॅब’ या प्रयोगशाळांचा भारतातील प्रारंभही पुण्या-मुंबईत न होता याच गावी झाला. ज्या गावातील मूल रक्ताच्या थेंबात प्रतिद्रव्य मिसळून गुठळी धरते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, त्या गावातील वाचकापुढे कर्करोगाच्या रेणूंचा पुरावा मांडताना ‘हे तुमच्या आवाक्याबाहेरचे’ अशी भूमिका घेणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते. विषय कठीण आहे, परंतु तो दुर्बोध असण्याचे कारण नाही.

प्रथम यकृताविषयी थोडे. प्रौढ माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो वजनाचे असते, आणि त्याच्याकडे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त, इतर अवयवांप्रमाणे धमनीतून न येता, आतड्यांतील अन्नरस घेऊन येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते. या दुहेरी पुरवठ्यामुळे यकृत सहसा उपाशी राहत नाही. पण त्याच्या अंतर्भागात रक्तवाहिन्यांचे जे दाट जाळे पसरलेले असते, तेच कर्कपेशींना पळवाट म्हणून उपयोगी पडते. २०२२ साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६५ हजार नवे रोगी आढळले, आणि त्याच वर्षी या रोगाने सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे दगावली. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की या रोगाच्या उग्रतेविषयी निराळे भाष्य करावयास नको. शस्त्रक्रियेने गाठ संपूर्ण काढली, कडेचा भाग स्वच्छ निघाला, रोगी घरी गेला, असे सर्व यथास्थित झाल्यावरही पाच वर्षांच्या आत सत्तर टक्क्यांपर्यंत रोग्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. यातील काही गाठी मुळातच रोगट यकृतात नव्याने उपजलेल्या असतात हे खरे. परंतु पुष्कळशा पहिल्या गाठीच्याच संततीपैकी असतात, आणि त्या कधी यकृताच्या दुसऱ्या खंडात, कधी फुप्फुसात, कधी हाडांत जाऊन वसलेल्या असतात.

हा प्रसार कसा दिसतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन गुलाबी-जांभळ्या रंगांनी रंगविलेली एखादी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. निरोगी यकृतात पेशींच्या एकेरी रांगा मध्यवर्ती शिरेपासून बाहेर पसरलेल्या दिसतात. गाठीत त्या रांगा तीन-तीन, चार-चार पेशींच्या जाडीच्या होतात, केंद्रके मोठी व गडद दिसू लागतात. आणि गाठीच्या कडेला, केसाहून बारीक अशा एका शिरेच्या पोकळीत, भोवती अस्तराच्या चपट्या पेशींचे एक पातळ कडे असलेला, आठ-दहा कर्कपेशींचा पुंजका अडकून बसलेला आढळतो. गाठ दोन सेंटिमीटरची आहे की पाचची, यापेक्षा हा पुंजका आहे की नाही हे जाणण्यास शल्यचिकित्सक अधिक उत्सुक असतो, कारण पुढचे सर्व अरिष्ट त्या पुंजक्यात सामावलेले असते. ज्या पेशी शेजाऱ्यांना घट्ट चिकटून एका जागी जन्म काढावयाच्या, त्या आपले बंध सोडून भिंत फोडून रक्तात कशा शिरल्या, हा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग आपल्या विषयाशी येऊन भिडतो.

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे दप्तर असते. पेशवे दप्तरातील अस्सल कागद ज्याप्रमाणे कोणी घरी नेत नाही, नेतो ती त्याची नक्कल, त्याप्रमाणे जनुकाचा अस्सल मजकूर केंद्रकातच राहतो आणि आरएनए ही त्याची नक्कल बाहेर जाऊन प्रथिन बनविण्याच्या कामी लागते. ही नक्कल प्रथम उतरते तेव्हा तिच्यात कामाच्या मजकुरामध्ये बिनकामाचे लांबलचक उतारे घुसलेले असतात. ते कापून काढून कामाचे तुकडे क्रमवार जोडावे लागतात. हा कापाकापीचा व्यवहार १९७७ साली फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स या दोघांनी स्वतंत्रपणे उघडकीस आणला, आणि १९९३ साली त्यांस त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जोडणी झाल्यावर नकलेच्या आरंभास एक टोपी चढते, शेवटास ॲडेनीन या घटकाची लांब शेपटी लागते, आणि मग ती नक्कल रीतसर दाखल झाली असे समजावयाचे. मात्र कधीकधी या जोडणीत उलटा प्रकार घडतो: एखाद्या तुकड्याचे मागचे टोक पुढच्या तुकड्यास न जुळता आपल्याच, किंवा आपल्या आधी येणाऱ्या तुकड्याच्या, पुढच्या टोकास जाऊन मिळते आणि वर्तुळ बंद होते. या वर्तुळास आरंभ नाही व अंत नाही, म्हणून टोपी नाही व शेपटीही नाही; आणि टोकापासून कुरतडत जाणाऱ्या विकरांना दात लावण्यास टोकच सापडत नसल्यामुळे, सरळ नकला काही तासांत नष्ट होतात तेथे ही वर्तुळे कित्येकदा दोन-दोन दिवस टिकून राहतात.

असे वर्तुळ निसर्गात असू शकते हे प्रथम कळले ते माणसाच्या देहातून नव्हे, तर बटाट्याच्या रोगावरून. आणि पाबळच्या वाचकास, ज्याच्या शेजारच्या सातगाव पठारावर खरिपात बटाट्याचे पीक उभे असते, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बटाट्याचे कंद चातीसारखे लांबट व निमुळते करून टाकणारा एक रोग आहे. तो जंतूने होत नाही, नेहमीच्या विषाणूनेही होत नाही, तर प्रथिनाचे कवचही नसलेल्या उघड्या आरएनएच्या एका चिमुकल्या रेणूने होतो, असे थिओडोर डीनर यांनी १९७१ साली अमेरिकेत प्रतिपादन केले; आणि तो रेणू पूर्णपणे बंद वर्तुळ आहे हे १९७६ साली हाइन्झ झेंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत सिद्ध केले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७९ साली, उच्च प्राण्यांच्या पेशींतही आरएनएची वर्तुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपली गेली. ती छायाचित्रे प्रसिद्ध झाली, चार जणांनी पाहिली, आणि प्रकरण थंडावले. १९९० नंतरच्या दशकात उंदराच्या वृषणात व माणसाच्या काही जनुकांत तशीच वर्तुळे सापडली, तेव्हाही ती कारकुनी चूक, कापाकापीतील रद्दी, असाच बहुतेकांनी शेरा मारला.

या उपेक्षेचे कारण विचारात घेण्याजोगे आहे, कारण ते कोणाच्या मूर्खपणात नसून काम करण्याच्या रीतीत होते. प्रयोगशाळेत पेशीतील आरएनए गोळा करावयाचा तो त्याच्या शेपटीला धरून, अशी वहिवाट पडली होती. ज्याला शेपटी नाही तो धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जात असे. पुढे यंत्रांनी लक्षावधी तुकडे वाचावयास आरंभ केला तेव्हा संगणकाच्या आज्ञावलीत असा दंडक घातलेला होता, की जनुकातील क्रमाच्या उलट जुळलेला तुकडा आढळला तर तो वाचनदोष समजून बाद करावा. म्हणजे वर्तुळ प्रथम पाण्यात वाहून गेले नाही तर नंतर हिशेबात छाटले जावे, असा दुहेरी बंदोबस्त नकळत होऊन बसला होता. २०१२ साली जुलिया साल्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या नमुन्यांत, हे बाद केलेले उलटे तुकडे मुद्दाम वेगळे काढून तपासले, आणि ते शेकडो जनुकांपासून बनत असल्याचे दाखविले. २०१३ साली बर्लिनच्या निकोलाउस राजेव्स्की यांच्या व डेन्मार्कच्या यॉर्गेन केम्स यांच्या गटांनी एकाच वेळी असे एक वर्तुळ पुढे आणले की ज्याच्यावर एका विशिष्ट मायक्रो-आरएनएला पकडून ठेवण्याच्या सत्तरांहून अधिक जागा होत्या. मायक्रो-आरएनए हे बावीस-तेवीस अक्षरांचे तुकडे सरळ नकलांवर बसून त्यांचे काम थोपवितात. वर्तुळाने त्यांनाच धरून ठेवले की थोपविलेल्या नकला मोकळ्या होतात. वर्तुळाच्या या कामाला ‘स्पंज’ असे नाव पडले, आणि तेव्हापासून ज्या त्या रोगात ज्याचा त्याचा स्पंज शोधण्याची अशी काही घाई सुरू झाली की तिचे कौतुक करावे की तिला आवर घालावा, असा प्रश्न जाणत्यांस पडला.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो. यकृताला वर्तुळाकार आरएनए हा प्रकार अगदीच नवखा नव्हता. १९७७ साली इटलीतील मारियो रिझेत्तो यांना हिपॅटायटिस बीच्या काही रोग्यांच्या यकृतात एक अनोळखी प्रतिजन आढळले. त्याच्या मागे जो विषाणू निघाला, तो डेल्टा, त्याचे सबंध जनुकद्रव्य म्हणजे सुमारे सतराशे अक्षरांचे आरएनएचे एक बंद वर्तुळ आहे. बाहेर पडण्यासाठी लागणारे आवरणही या विषाणूला स्वतःचे नाही. ते तो हिपॅटायटिस बीकडून उसने घेतो, म्हणून बी नसेल तेथे डेल्टाचे काही चालत नाही. बटाट्याच्या त्या रेणूचे माणसातील सर्वांत जवळचे भावंड यकृतातच वस्तीस यावे, हा योगायोग आम्हांस नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

आता मुख्य मुद्दा. यकृताच्या कर्करोगात जी वर्तुळे तपासली गेली त्यांत काही प्रसारास अटकाव करणारी निघाली व काही त्यास हातभार लावणारी. स्मार्का-५ या जनुकापासून बनणारे वर्तुळ गाठीत घटलेले आढळते. शांघायमधील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की हे वर्तुळ दोन मायक्रो-आरएनएंना अडकवून टिम्प-३ या प्रथिनाची पातळी राखते. हे प्रथिन पेशींभोवतीचे आवरण विरघळविणाऱ्या विकरांना वेसण घालते, म्हणून वर्तुळ घटले की वेसण सुटते आणि कर्कपेशीस भिंत पोखरणे सोपे होते. त्याच कामात असेही आढळले की डीएचएक्स-९ नावाचे एक प्रथिन मुळात हे वर्तुळ जुळूच देत नाही; म्हणजे कर्कपेशी बनलेले वर्तुळ नष्ट करीत बसत नाही, ती ते जन्मालाच येऊ देत नाही. याच्या उलट ॲसॅप-१ या जनुकाचे वर्तुळ. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या फुप्फुसात रोग पसरला त्यांच्या गाठींत ते वाढलेले सापडले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील विशेष हा की हे वर्तुळ कर्कपेशीची चाल तर वाढवितेच, परंतु एका संदेशक प्रथिनाच्या द्वारे मॅक्रोफेज या भक्षकपेशींनाही गाठीकडे बोलावून घेते. या पेशी आल्या म्हणजे रक्षक आले असा भोळा समज करून घेण्याचे कारण नाही. गाठीच्या सहवासात त्या बहुधा तिच्याच सेवेस लागतात.

तिसरे उदाहरण केवळ १००३३८ या नोंदणी-क्रमांकाने ओळखले जाते. ते कर्कपेशीतून सूक्ष्म पुटिकांत भरून बाहेर टाकले जाते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत शिरते, तेथील सांधे सैल करते आणि नव्या वाहिन्या फुटण्यास उत्तेजन देते. मघाशी सांगितलेला शिरेतील पुंजका वाचकाने आठवावा. त्याला वाट करून देणारा हुकूम गाठीतून निघून दुसऱ्याच पेशीत जाऊन अमलात येतो, असा याचा अर्थ होतो. यात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुटिकांची गोष्ट, कारण त्या रक्तात तरंगत असतात आणि दंडातून काढलेल्या रक्तात सापडू शकतात.

तथापि या उदाहरणांनी हुरळून जाण्यापूर्वी काही आक्षेपांची रुजवात घालणे भाग आहे. पहिला आक्षेप संख्येचा. सत्तर जागांचे वर्तुळ हा अपवाद आहे. बहुतेक वर्तुळांवर एखाद्या मायक्रो-आरएनएला धरण्याच्या एक-दोन जागा असतात, आणि एका पेशीत त्या वर्तुळाच्या प्रती कित्येकदा मूठभरही नसतात. उलट यकृतातील मायक्रो-१२२ हा रेणू तेथील एकूण मायक्रो-आरएनएपैकी सुमारे सत्तर टक्के असतो व एकेका पेशीत त्याच्या प्रती हजारोंनी मोजाव्या लागतात. दहा-वीस वर्तुळांनी अशा जमावाला आवरले असे कोणी लिहिले तर त्याच्याकडे प्रतींचा हिशेब मागावा, आणि तो नसेल तर निष्कर्ष तूर्त तहकूब ठेवावा. दुसरा आक्षेप पेशींचा. यकृताच्या कर्करोगावरील असंख्य प्रयोग ज्या हेपजी-२ या पेशींवर झाले, त्या अर्जेंटिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गाठीपासून वाढविलेल्या आहेत, आणि ती गाठ प्रौढांत आढळणारा यकृतकर्क नसून हिपॅटोब्लास्टोमा हा मुलांत होणारा निराळा अर्बुद होता, हे आता मान्य झाले आहे. तरी त्या पेशींचा वापर चालू आहे, कारण त्या उत्तम वाढतात.

पेशी काचेत वाढवून कर्करोगाचा अभ्यास करण्याची विद्या या देशात रुजविणाऱ्यांत पुण्याच्या कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे. हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तत्पूर्वी त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ही विद्या शिकून आल्या होत्या. पेशींबरोबरच उंदरांच्या कुळांवरही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि आमच्या मते या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकत्र होत्या हेच मोलाचे होते. काचेतील पेशी जे सांगते ते प्राण्याच्या देहात पडताळून पाहिल्याखेरीज पुरावा अर्धाच राहतो.

वर्तुळ खरोखर आहे की यंत्राचा भास आहे, हे ठरविण्याची रीत मात्र इतकी साधी आहे की ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. बोटाच्या पेराएवढ्या दोन नळ्यांत एकाच पेशीसमूहाचा आरएनए घ्यावा. एका नळीत आरएनएज-आर हे टोकापासून कुरतडणारे विकर घालावे, दुसरीत घालू नये, आणि दोन्ही काही वेळ ३७ अंशांवर ठेवाव्या. नंतर जोडस्थानाभोवती परस्परांकडे पाठ करून ठेवलेल्या दोन प्रारंभक तुकड्यांनी नकला वाढवाव्या. सरळ रेणूवर हे तुकडे एकमेकांपासून दूर धावतात व काही निपजत नाही, वर्तुळावर मात्र फिरून एकमेकांना गाठतात. विकर घातलेल्या नळीतही वर्तुळाची रेघ जेलवर तशीच उमटली, तर ते वर्तुळ मान्य करण्यास हरकत नाही.

आता हा रोग आपल्या भागात कशाने होतो ते पाहिले पाहिजे. जगात यकृतकर्काचे सर्वांत मोठे कारण हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू. त्यांच्याबरोबर मद्य, मधुमेह व लठ्ठपणाने यकृतात साचणारी चरबी, आणि धान्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष. शेवटच्याकडे शेतकऱ्याचे लक्ष असावे. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसांना कावीळ व जलोदर झाला आणि शंभरांवर दगावली. तो मका बुरशीने खाल्लेला होता. भुईमुगाच्या ओल्या शेंगा ढिगात तापू दिल्या की तीच बुरशी तेथेही धरते, आणि हे विष शेंगदाणा भाजल्याने पुरते जात नाही. शेंगा अंगणात नीट वाळवून मगच पोत्यात भरणे यावरचा उपाय आहे. बी विषाणूवर तर लस आहे, देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०११ पासून सर्व राज्यांत समाविष्ट झाली आहे, आणि तिचा पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत द्यावयाचा असतो. वर्तुळांच्या कथेत रमलेल्या वाचकाने हा डोस घरातील नव्या बाळाला मिळाला की नाही याची चौकशी आधी करावी.

खेड्यातील कर्करोगाची मोजदादही आपल्याकडे फार उशिरा सुरू झाली. मुंबईची कर्करोग-नोंदवही १९६३ साली निघाली; ग्रामीण लोकसंख्येची देशातील पहिली नोंदवही सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन, लोकांना लक्षणे समजावून सांगून, रोगी शोधत असत. इस्पितळात रोगी आला की लिहून घेऊ, या शहरी रीतीने खेड्यातील निम्मे रोगी कागदावर आलेच नसते. यकृतकर्काचे प्रमाण आपल्याकडे पूर्व आशियाच्या मानाने कमी नोंदले जाते. परंतु हा रोग बहुधा केवळ चित्रणावरून ओळखला जातो, सुई टोचून तुकडा काढला जातोच असे नाही, आणि पोट फुगून घरीच संपलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘कावीळ’ एवढेच लिहिले जाते. त्या कमीपणात खरे किती व न लिहिलेले किती, हे ताडणे सोपे नाही.

आणि याचा वर्तुळांशी थेट संबंध आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास चीनमधील रोग्यांवर झालेले आहेत, आणि त्या रोग्यांत हिपॅटायटिस बीचा वाटा फार मोठा असतो. आपल्याकडच्या रोग्यांत बीबरोबर मद्य व चरबीचा वाटा वाढत चालला असताना, शांघायच्या गाठीत वाढलेले वर्तुळ पुणे जिल्ह्यातील माणसाच्या गाठीत तसेच वाढलेले असेल असे गृहीत धरणे युक्त नव्हे. ते येथील नमुन्यांवर पाहावे लागेल. परंतु ऊतीचा नमुना म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी तत्काळ गोठविलेला तुकडा, आणि आपल्याकडचे बहुसंख्य रोगी शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावरच तज्ज्ञापर्यंत पोचतात. रक्त मात्र सर्वांचेच काढले जाते. अल्फा-फीटोप्रोटीन ही १९६०च्या दशकापासून चालत आलेली रक्तातील खूण लहान गाठींत पुष्कळदा चकवा देते. न कुजणारे, पुटिकेत सुरक्षित बसलेले वर्तुळ तिला जोड देऊ शकेल किंवा नाही, हे तालुक्याच्या ठिकाणी काढलेल्या रक्तावरही तपासून पाहता येण्याजोगे आहे. याच कारणास्तव पुढील प्रकरणांत ऊतींतील वर्तुळांपेक्षा रक्तातील वर्तुळांना अधिक पाने दिली आहेत, आणि स्पंजांच्या लांबलचक याद्या, ज्यांनी या विषयावरील बरेचसे लेखन भरलेले असते, त्या जाणूनबुजून वगळल्या आहेत.